शहराचा उंबरठा



मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली आणि १६१२ मध्ये भडकल दरवाजा उभारला. ती खडकी म्हणजेच आजचे छत्रपती संभाजीनगर. ग्राहक लुगडे काठपदरावरून पारखतो, पाहुणा शहर वेशीवरून. दक्षिणेकडील पैठण दरवाजाने गुलमंडीच्या बाजारपेठेत शिरणाऱ्याला प्रथम कमान दिसावी, फलकांची गर्दी नव्हे. कमानीखाली पादचाऱ्यांसाठी मोकळी वाट, सौम्य दिवे, चुन्याच्या जुन्या बांधकामाला साजेशी डागडुजी ही कामे महापालिकेची. परंतु दरवाजाला लागून वाहने उभी न करणे, जाहिरातफलक न टांगणे, हे आपल्या व्यापाऱ्यांच्याच हाती आहे. पेढीचा उंबरठा आपण रोज झाडतो. शहराचा उंबरठाही आपलाच मानावा, ही नम्र विनंती.