बेट कोणाचे, जमीन कोणाची?

(हडपसर येथील व्याख्यानाचा मजकूर)



हडपसरमध्ये जमिनीविषयी बोलायचे तर प्रस्तावना लागत नाही. सातबारा म्हणजे काय, फेरफार कसा होतो, बांध कसा सरकतो आणि भूसंपादनाची नोटीस आली की घरात कोणती शांतता पसरते, हे येथील जुन्या कुटुंबांना शिकवावे लागत नाही. मगरपट्ट्यातील शेतकऱ्यांनी आपली सुमारे चारशे एकर जमीन विकून मोकळे होण्याऐवजी ती एकत्र केली, मालकी हातात ठेवली आणि तीवर नगर वसवले. राज्य कोणाचेही असो, जमीन कोणाच्या नावावर आहे हा प्रश्न वेगळा आहे, याची जाण त्यामागे होती.

ही जाण आपल्याकडे जुनी आहे. पाटलाचे वतन निजामशाहीत चालले, आदिलशाहीत चालले आणि स्वराज्यातही चालले. वतनाचा तंटा उभा राहिला की गोतसभा बसे, पंचक्रोशीतील जाणती माणसे साक्ष देत, महजर लिहिला जाई. ‘पूर्वापार कोण खात आले?’ हा तेथील पहिला प्रश्न असे. त्या पद्धतीतही अन्याय झाले, वतनापायी भाऊबंदांची डोकी फुटली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण राज्य बदलले म्हणून कसणाऱ्याचा हक्क आपोआप पुसला गेला, असे कोणी मानत नव्हते.

आता मुंबईकडे वळू. आज मुंबई म्हटले की महानगर डोळ्यांसमोर येते. परंतु सतराव्या शतकात ते एक लहानसे बेट होते. खरे तर भरतीच्या पाण्याने एकमेकांपासून तुटणाऱ्या सात लहान बेटांचा तो पुंजका. नारळी-पोफळीच्या वाड्या, भाताची खाचरे, मिठागरे, कोळ्यांच्या वस्त्या, ताडी काढणारे भंडारी, शेती करणारे कुणबी. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ साली वसई आणि तिच्या ताब्यातील मुलूख पोर्तुगीजांना दिला, त्याबरोबर ही बेटेही गेली. पोर्तुगीजांनी ती आपल्या सरदारांना आणि धर्मसंघांना वाटून दिली. गोव्यातील प्रसिद्ध वैद्य गार्सिया द ओर्ता याच्याकडे मुंबई बेट वार्षिक खंडाने होते. म्हणजे राजा लिस्बनला, खंडकरी गोव्याला आणि घाम गाळणारा माझगाव-परळला, अशी व्यवस्था होती.

२३ जून १६६१ रोजी इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन यांच्या विवाहाचा तह झाला. त्याच्या अकराव्या कलमान्वये मुंबईचे ‘बंदर आणि बेट’ सर्व हक्क-उत्पन्नांसह इंग्लंडच्या राजाला मिळाले. शाळेच्या पुस्तकात या घटनेला ‘मुंबई आंदण दिली’ एवढ्या तीन शब्दांत गुंडाळले जाते. पण कायद्याच्या दृष्टीने येथेच प्रश्नांची माळ सुरू होते. राजाने दिले ते राज्य की जमीन? वाड्या आणि शेते ज्यांच्या नावावर होती, त्यांचे काय? आणि ‘बेट’ म्हणजे नेमके किती?

गोव्याचा व्हाइसरॉय अंतोनिओ द मेलो द कास्त्रो याला हे देणे मुळीच मान्य नव्हते. १६६२ साली इंग्रजांचे आरमार मुंबईला आले, तेव्हा त्याने अधिकारपत्रातील त्रुटी दाखवून ताबा देण्याचे नाकारले. इंग्रजांचा दावा असा की साष्टी आणि ठाणेही तहात आले आहे, तसा नकाशाही आहे. पण तो नकाशा कधी समोर आलाच नाही. मुंबई मिळत नाही म्हणून सर अब्राहम शिपमन सुमारे चारशे सैनिकांसह कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन बसला. तेथे रोगराईने माणसे पटापट मेली. शिपमन स्वतः १६६४ साली तेथेच वारला. शंभराच्या आसपास माणसे उरली, तेव्हा त्याचा चिटणीस हंफ्रे कुक याने व्हाइसरॉयच्या अटी निमूट मान्य केल्या.

फेब्रुवारी १६६५ मध्ये ताबा दिला गेला तो डोना इग्नेझ द मिरांडा या विधवेच्या वाड्यात. बेटाची मालकीण म्हणून ती ओळखली जाई. कुक बेटावर चालला, त्याने माती आणि दगड हातात घेतले, बुरुजांवर फिरून भिंतींना हात लावला आणि त्याचे दस्तऐवज झाले. युरोपीय कायद्यात ताबा घेण्याची ही रीतसर पद्धत होती. आपल्याकडेही जमीन देताना पाणी सोडत असत. तेव्हा या विधीला हसण्याचे कारण नाही. मात्र ज्या मालकिणीच्या घरात हे घडले, तिची जमीन तिच्याकडेच राहिली. करारात स्पष्ट अट होती की बेटावरील जमीनदार पूर्वीप्रमाणे ‘फोरस’ म्हणजे राजाचा सारा भरतील, त्याहून अधिक त्यांच्याकडून घेतले जाणार नाही. राज्य गेले, मालकी राहिली. येथवर न्याय सरळ दिसतो.

परंतु त्याच करारात आणखी एक कलम आहे आणि ते वाचताना माणूस थबकतो. पोर्तुगीज गावांतील कुणबी, भंडारी व इतर बांधलेली माणसे मुंबईत आली, तर इंग्रजांनी त्यांना आश्रय देऊ नये, त्यांच्या मालकांकडे परत पाठवावे, असे ते कलम सांगते. जमीनदाराच्या वाडीला कायद्याचे संरक्षण. आणि ती वाडी राखणारा माणूस मात्र वाडीबरोबर मोजलेला! दोन ख्रिस्ती राजसत्तांच्या करारात या भूमीच्या लेकरांचे नाव आले ते एवढ्याच कामापुरते. त्यांची साक्ष कोणी घेतली नाही, की त्यांचा महजर झाला नाही.

‘बेट म्हणजे किती?’ या वादाचीही गंमत पाहण्यासारखी आहे. पोर्तुगीज म्हणत, मुंबई वेगळी आणि माहीम वेगळे, मध्ये पाणी आहे. इंग्रज म्हणत, ओहोटीला माणूस पाय न भिजवता मुंबईतून माहीमला जातो, म्हणजे बेट एकच. भरतीचा कायदा एक आणि ओहोटीचा दुसरा! अखेर कुकने निकालाची वाट न पाहता माहीम बळकावले. उलट पोर्तुगीजांनी ठाणे आणि उरण येथील नाक्यांवर मुंबईच्या गलबतांकडून जकात वसूल करून इंग्रजांना जेरीस आणले. इंग्लंडच्या राजाने तर कुकने केलेला करारच अमान्य ठरवला. ज्या कागदाने ताबा मिळाला तो कागद नाकारायचा, पण ताबा सोडायचा नाही, ही रीत पुढे अनेकदा दिसली.

राजाला हे बेट परवडेना. २७ मार्च १६६८ च्या सनदेने त्याने ते ईस्ट इंडिया कंपनीला वार्षिक १० पौंड सोने-भाड्याने दिले. सनदेची भाषा अशी की मुंबई ही इंग्लंडमधील ‘ईस्ट ग्रिनिच’च्या जहागिरीचाच भाग असल्याप्रमाणे कंपनीने धारण करावी. परळची खाचरे लंडनजवळच्या एका गावठाणात जाऊन बसली! मुंबईत इंग्रजी कायदा केव्हा आणि कसा आला, याचा खल १८६७ साली नवरोजी बेरामजी विरुद्ध रॉजर्स या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाला करावा लागला.

कंपनीने जुन्या जमीनदारांचे दस्तऐवज तपासून अनेक वाड्या सरकारजमा करण्याचा घाट घातला, तेव्हा बेटावर असंतोष पसरला. गव्हर्नर जेराल्ड आँजियर याने १६७२ साली जमीनदारांची सभा भरवून तडजोड केली: त्यांनी सर्वांनी मिळून वर्षाला २० हजार शेराफिन, म्हणजे त्या काळची गोव्याकडची चांदीची नाणी, कंपनीला द्यावीत आणि आपापल्या जमिनी निर्वेधपणे भोगाव्यात. १६७४ मध्ये हा करार पक्का झाला. आँजियर धूर्त होता, पण प्रजेला विचारल्यावाचून जमिनीचा प्रश्न सुटत नाही एवढे त्याला कळले होते. विचारले मात्र जमीनदारांनाच.

त्याच १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन तेथे आपल्या मागण्यांची यादी घेऊन आला होता. वादळाने किनाऱ्याला लागलेली आपली फुटकी जहाजे आणि माल परत मिळावा, ही त्यातील एक. महाराजांकडून उत्तर आले ते असे की कोकणचा पूर्वापार कायदा याला अनुकूल नाही. इंग्रजांना सवलत दिली तर फ्रेंच आणि डचही तीच मागतील. माणसांना मात्र दयेने वागवले जाईल. इंग्रजांच्या नाण्यांबाबतही तसेच: नाण्याला बंदी नाही, पण कमी कसाचे नाणे घेण्याची सक्ती रयतेवर करता येणार नाही. समुद्राने आणलेला माल राजाचा, हा रिवाज आजच्या नजरेला कठोर वाटेल. महत्त्व आहे ते या गोष्टीला की किनाऱ्यावर कायदा कोणाचा चालणार, हे एका सिंहासनाधीश्वराने व्यापाऱ्यांना शांतपणे सांगितले.

पाच वर्षांनी हाच प्रश्न बोलाचालीपुरता राहिला नाही. मुंबईच्या दक्षिणेस, थळच्या किनाऱ्यासमोर खांदेरी नावाचे ओसाड बेट आहे. १६७९ च्या पावसाळ्याअखेर महाराजांच्या माणसांनी तेथे तटबंदीचे काम आरंभले. इंग्रजांनी तत्काळ हक्क सांगितला की खांदेरी मुंबईचे आहे. ज्या बेटावर त्यांनी एक दगड रचला नव्हता, ज्याचे नावही १६६१ च्या कलमात नव्हते, ते मुंबईचे उपांग ठरले! बेट सोडून जाण्याचा निरोप आला, तेव्हा तेथील प्रमुखाने कळवले की आपल्या धन्याच्या हुकुमावाचून आपण हलणार नाही. त्या प्रमुखाचे नाव मायनाक भंडारी.

करारात परत पाठवण्याच्या ऐवजांच्या यादीत ‘भंडारी’ हा शब्द लिहिला गेल्याला तेव्हा पंधरा वर्षेही झाली नव्हती. मुंबई बेटावर ज्या समाजाची गणना वाडीच्या मालमत्तेत होत होती, त्याच समाजाचा पुरुष स्वराज्यात जलदुर्गाचा बांधकरी आणि रक्षक होता, आणि इंग्रज अधिकारी त्याला पत्र लिहीत होते. स्वराज्य या शब्दाचा अर्थ ग्रंथांतून शोधणाऱ्यांनी हे दोन कागद शेजारी ठेवून पाहावेत.

सप्टेंबरमध्ये इंग्रजांनी बेटावर उतरण्याचा प्रयत्न केला, त्यात लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी दौलतखानाच्या आरमाराने इंग्रजांवर झेप घेतली आणि त्यांचे ‘डव्ह’ हे गलबत पकडले. कॅप्टन केग्विनच्या ‘रिव्हेंज’ने तोफांच्या बळावर मराठी गुराबांना मागे रेटले, हेही खरे; पण खांदेरीला रसद पोचायची थांबली नाही. मोठे जहाज उथळ पाण्यात हतबल होते, आणि लहान मचवे रात्रीच्या अंधारात दगड-धान्य उतरवून जात. मग सिद्दी इंग्रजांच्या मदतीला आला, पण त्याला खांदेरी स्वतःसाठी हवी होती, हे ध्यानात येताच इंग्रजांचा उत्साह मावळला. खर्चाचा आकडा वाढत चालला होता. १६८० च्या प्रारंभी त्यांनी समेट केला. खांदेरी स्वराज्यात राहिली. सिद्दीने मात्र शेजारची उंदेरी बळकावली आणि दोन हाकांच्या अंतरावर दोन सत्ता उभ्या राहिल्या. पुढे १७१८ साली कान्होजी आंग्रे यांच्या काळात इंग्रजांनी खांदेरीवर पुन्हा चढाई केली आणि पुन्हा हात हलवीत परतले. २०२५ साली युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यात खांदेरी आहे.

या अनुभवाचे सार रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त उतरले आहे. टोपीकर हे इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्यामागे त्यांचे राजे आहेत, त्यांना खाडीकाठी-समुद्रकाठी कायमची जागा देऊ नये, असा त्यातील इशारा आहे. जागा मागणारा उद्या कायदा मागेल, हे अमात्यांनी ओळखले होते. ते ज्यांनी पाळायला हवे होते त्यांनी पाळले नाही.

१७३९ साली चिमाजी अप्पांनी रक्त सांडून साष्टी आणि वसई घेतली. १७७५ साली राघोबादादांनी सुरतेला बसून तीच साष्टी-वसई इंग्रजांना लिहून दिली. जे हाती नव्हते आणि देण्याचा ज्यांना अधिकार नव्हता, त्यांनी! इंग्रजांनी तर आदल्या वर्षीच्या डिसेंबरातच ठाणे जिंकून घेतले होते. १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी, घारापुरी आणि उरणचे करंजा बेट त्यांच्याकडे कायमचे गेले. त्यानंतर वीस वर्षांनी, २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत याच हडपसरच्या माळावर होळकर आणि शिंदे-पेशवे यांची फौज एकमेकांशी झुंजली. पराभूत बाजीराव कोकणात उतरला आणि इंग्रजांच्या जहाजातून वसईला पोचला. ३१ डिसेंबरला तेथे त्याने जो तह केला, त्याने जमिनीच्या आधी राज्यच लिहून दिले.

मुंबईच्या जमिनीचा प्रश्न मात्र राज्ये बदलली तरी चालूच राहिला. खाजणे बुजवून ज्यांनी शेती केली, त्यांच्या फोरस जमिनींवरील कंपनीचा हक्क काढून घेण्यासाठी १८५१ चा सहावा कायदा करावा लागला. साष्टीत कंपनीने गावेच्या गावे व्यक्तींना दिली होती. बैरामजी जीजीभॉय यांना १८३० साली सात गावे मिळाली. ही साऱ्याची माफी संपवण्यासाठी स्वतंत्र भारतात १९५१ चा साष्टी इस्टेट कायदा आला. आणि या सर्वांच्या आधीपासून जो किनाऱ्यावर होता, त्या कोळ्याचे काय? त्याच्या कोळीवाड्याच्या सीमा आखण्याचे काम शासनाला एकविसाव्या शतकात हाती घ्यावे लागले. घरांच्या भोवती रेषा ओढणे त्यातल्या त्यात सोपे. होड्या ओढून घेण्याचा किनारा, जाळी विणण्याची आणि मासळी सुकवण्याची मोकळी जागा कोणाच्या नावावर लावायची, यावर मोजणीचे काम अडते.