आंतड्यांतील वायु आणि हृदयाचे विकार

जेवणानंतर छातींत जड वाटूं लागलें कीं महाराष्ट्रीय घरांतील वडील माणूस "वायु धरला असेल" असें म्हणतें आणि ओवा, हिंग, पादेलोण यांपैकीं जें हाताशीं असेल तें पुढें करतें. पुष्कळ वेळां त्यानें उतारा पडतोहि. परंतु हृदयाला रक्त पुरविणारी रोहिणी तुंबली असतां होणारी पीडाहि याच ठिकाणीं व अशीच दडपल्यासारखी जाणवते, आणि ओव्याचा गुण येण्याची वाट पाहण्यांत गेलेला तास कित्येक घरांना फार महाग पडलेला आहे. दरदरून घाम, डाव्या हातांत वा जबड्यांत जाणारी कळ, दम लागणें हीं लक्षणें सोबत असलीं तर ओवा बाजूस ठेवून तत्काळ रुग्णालय गांठावें.

मग पोटांतला वायु वर चढून हृदयाला धरतो ही समजूत अगदींच टाकाऊ समजावी काय? शब्दशः घेतली तर होय. आंतड्यांतून हृदयाकडे वारा जाण्याचा मार्गच नाहीं. पण जे जंतु हा वायु उत्पन्न करितात, त्यांचा रोहिण्यांशीं संबंध आहे, आणि तो निराळ्याच वाटेनें जातो.

अमेरिकेंत क्लीव्हलंड येथील डॉ. स्टॅन्ली हेझन व त्यांचे सहकारी यांनीं २०११ सालीं ही वाट दाखविली. अंड्याचा बलक, मांस इत्यादि पदार्थांत कोलीन नांवाचें द्रव्य असतें. आंतड्यांतील कांहीं जंतु त्याचें विघटन करून ट्रायमेथिलअमीन हा वायु सोडतात. नासक्या मासळीची दुर्गंधि ती याचीच. हा वायु रक्तावाटे यकृतांत पोंचतो. तेथें त्यास प्राणवायु जोडला जाऊन ट्रायमेथिलअमीन ऑक्साइड तयार होतें. उंदरांना कोलीन चारलें तेव्हां त्यांच्या रोहिण्यांत मेदाचे थर वाढले. औषधांनीं जंतु मारल्यावर ही वाढ रोखली गेली. पुढें २०१३ सालीं ४,००७ रुग्णांवर तीन वर्षें लक्ष ठेवलें असतां, ज्यांच्या रक्तांत हें द्रव्य अधिक त्यांना हृदयाघात, पक्षाघात व मृत्यु यांचा धोका अधिक, असें आढळलें. त्याच सालच्या दुसऱ्या प्रयोगांत मांसांतील कार्निटीन दिलें तेव्हां नित्य मांसाहार करणाऱ्यांच्या रक्तांत हें द्रव्य बरेंच वाढलें, दीर्घकाळ शाकाहारी असलेल्यांच्या फारच थोडें. जसा आहार, तसे जंतु!

शाकाहाऱ्यांनीं मात्र विजयाचे नगारे वाजविण्याची घाई करूं नये. समुद्रांतल्या मासळींत हेंच द्रव्य मुळांतच असतें. कोंकणांतील मासेखाऊ मनुष्याच्या रक्तांत जेवणानंतर तें वाढणारच. तरी मासे खाण्यानें हृद्रोग बळावतो असा अनुभव नाहीं. शिवाय मूत्रपिंडें थकलीं म्हणजेहि तें रक्तांत सांचतें. तेव्हां हा चोर आहे कीं चोरीची केवळ खूण, हा वाद मिटलेला नाहीं.

दुसरा वायु हायड्रोजन सल्फाइड. नासक्या अंड्याचा वास तो हा. जंतु तो निर्माण करितात, पण शरीरांतील रोहिण्याहि अत्यल्प प्रमाणांत स्वतः करितात व त्यानें सैल पडतात. तो तयार करणारें पाचकद्रव्य ज्यांना नाहीं अशा उंदरांचा रक्तदाब वाढतो, हें २००८ सालीं दिसून आलें. जंतूंनीं केलेला वायु मात्र आंतड्याच्या अस्तरांतच बहुतेक जिरविला जातो. लसणींतील गंधकापासून रक्तांतील तांबड्या पेशी हाच वायु तयार करितात, असें २००७ सालीं अलाबामांतील संशोधकांनीं दाखविलें. लसणीच्या वासाला नाकें मुरडणाऱ्यांना ही वार्ता फारशी रुचणार नाहीं.