माप कोणाच्या हातात?

आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय.

मागच्या महिन्याच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका आजींनी पिशवीतून एक जुनं लाकडी माप काढलं आणि विचारलं, "ओळखा पाहू, हे काय?" तरुण सुना एकमेकींकडं बघायला लागल्या. आजी हसल्या. "अगं, हे चिपटं. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. माझ्या आजेसासूनं सारा संसार ह्याच्यावर मोजला."

त्या दिवशी बचतीचा हिशोब मागं राहिला आणि गप्पा रंगल्या. इंग्रजांच्या राज्यात आपल्या खेड्यातल्या बाया काय विकत होत्या, काय घेत होत्या, कामाला कशा जात होत्या? आजीकडून ऐकलेलं आणि आम्ही पुस्तकांतून वाचलेलं, दोन्ही आज तुम्हाला सांगतो.

तेव्हा रुपया सोळा आण्यांचा. आणा चार पैशांचा आणि पैसा तीन पैंचा. पण बाईच्या हातात रुपया क्वचितच यायचा. तिचा व्यवहार धान्याचा. वाण्याकडं पदरातून जोंधळे न्यायचे आणि मीठ, तेल आणायचं. कासार दारात आला की बांगड्या भरायच्या आणि सुपातून धान्य द्यायचं. आठवडी बाजारात अंडी, तूप, गवताचे भारे, शेणी विकायच्या आणि त्यातून मिरची-हळद घ्यायची.

कामाचा मोबदलाही धान्यातच. सुगीला कापणीवर गेलेल्या बाईला कणसांची पेंढी मिळायची, गड्यापेक्षा लहान. सालगडी वर्षाच्या बोलीनं राहायचा. धान्य, कपडे, घोंगडी, जोडा आणि थोडी रोकड असं त्याचं ठरायचं. पण लग्नाकार्याला मालकाकडून उचल घेतली की ती फिटेपर्यंत पुढचं सालही तिथंच. उचल गड्याच्या नावावर असायची, पण मालकाच्या घरी शेणघाण काढायला बायको जायची. तिचं नाव कुठंच लिहिलेलं नसायचं.

सगळंच वाईट होतं असं नाही. एकमेकांच्या शेतावर बैल आणि माणसं देऊन सावड व्हायची. अडलेल्याच्या रानात सारा गाव इर्जिकीला उतरायचा आणि मालकीण सगळ्यांना पोटभर जेवू घालायची. सुतार, लोहार, कुंभार, परीट, न्हावी वर्षभर काम करायचे आणि सुगीला खळ्यावर बलुतं घ्यायचे. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी 1915 साली 'गावगाडा' ह्या पुस्तकात ही सारी रीत लिहून ठेवली आहे.

पण बायांनो, खळ्यावरही सगळे सारखे नव्हते. महार-मांगांच्या बाया-माणसांनी रात्रंदिवस राबायचं आणि दुरून मिळेल ते घ्यायचं. जिथं घासाघीस करायचीच मुभा नाही, त्याला व्यवहार कसा म्हणायचा? म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडलं. कामाचा मोबदला ठरलेला आणि मानाचा असावा, ही मागणी त्याच्या मुळाशी होती.

आता चिपट्याकडं परत येऊ. आजी म्हणाल्या, "माप एकच, पण भरणारा हात दोन तऱ्हेचा. घेताना शिगोशीग, देताना सपाट." आणि माप बहुतेक वेळा देणाऱ्या-घेणाऱ्या बड्या माणसाच्याच हातात. पेरणीला घरात दाणा नसला की सावकाराकडून दिढीनं धान्य आणायचं. म्हणजे चार पायल्या आणल्या की सुगीला सहा द्यायच्या. त्यात आणताना माप सपाट आणि फेडताना शिगोशीग, म्हणजे सहाच्या किती झाल्या, तुम्हीच मोजा.

वर सरकारचा शेतसारा रोख भरावा लागायचा. सुगीला सगळेच धान्य विकायला काढायचे, म्हणून भाव पडायचा. पडल्या भावानं विकायचं, सारा भरायचा आणि पावसाळ्यात तेच धान्य महाग दरानं पुन्हा आणायचं. पैसा कमी पडला की सावकाराच्या कागदावर निशाणी करायची. जुन्या मराठी कागदांवर शेतकऱ्याची निशाणी नांगर असायची आणि बाईची निशाणी बांगडी. कागदात काय लिहिलंय, ते निशाणी करणाऱ्याला कुठं वाचता येत होतं?

शेवटी लोकांचा बांध फुटला. अमेरिकेत लढाई चालू होती तोवर आपल्या कापसाला मोठा भाव आला होता. ती 1865 मध्ये संपली आणि भाव उतरला. पुढं सरकारनं सारा वाढवला. शिरूर तालुक्यातल्या करडे गावात 1874 च्या अखेरीस लोकांनी सावकारांवर बहिष्कार टाकला. त्यांची हजामत नाही, धुणं नाही, पाणी भरणं नाही, शेतात मजुरी नाही. गावाला तेव्हा आपल्या कामाची किंमत कळली. मग 12 मे 1875 ला सुप्याच्या बाजारात जमाव उठला. हे सुपे आज बारामती तालुक्यात आहे. तिथून हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट ही की लोक मुख्यतः मागत होते ती कर्जखतं, आणि हाती आली की जाळत होते. आपला गळा कशानं आवळलाय, ते त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

सरकारनं चौकशी केली आणि 1879 साली पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर ह्या चार जिल्ह्यांसाठी शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा आणला. त्यात कर्जदाराला फेडीची पावती, वर्षाचा हिशोब आणि वहीत खातं लिहून मिळण्याचा हक्क दिला. म्हणजे आपल्या गटाच्या पासबुकाची ती पणजीच म्हणा ना! पण अक्षरओळख नसलेल्या घरात वही आली, तरी ती वाचायची कोणी?

आता तुम्ही म्हणाल, हे जुनं झालं, त्याचं आज काय? तर आमचीच फजिती ऐका.

दोन वर्षांमागं आम्ही गटानं चिंच फोडून एका फिरत्या व्यापाऱ्याला विकली. काटा त्याचा, वजन त्यानं सांगायचं, मान आम्ही हलवायची. एकदा आमच्यातल्या एकीनं पोतं आधी गिरणीत नेऊन तोलून आणलं. गिरणीत भरलं 41 किलो, व्यापाऱ्याच्या काट्यावर 38. एका पोत्यामागं तीन किलो! आधीच्या किती पोत्यांत असंच गेलं असेल, ह्या विचारानं आम्हाला रात्री झोप आली नाही. ज्या बाईनं चिंच फोडून बोटं सोलून घेतली होती, ती तर रडलीच. शिकल्या-सवरलेल्या आम्ही, हातात मोबाइल, आणि माप अजून दुसऱ्याच्याच हातात.

पुढच्या हंगामाआधी आम्ही बचतीतून गटाचा काटा घेतला. आता माल आमच्या काट्यावर तोलला जातो, वजन आमच्या वहीत चढतं आणि मग भाव बोलतो. तो व्यापारी आधी रागावला. आता दुसरा येतो, आणि काट्याकडं बघून नीट बोलतो.

म्हणून बायांनो, चार गोष्टी सांगून रजा घेतो. माल विकण्याआधी घरी किंवा गटात तोला. कोऱ्या कागदावर सही नको, आणि वाचून दाखवल्याशिवाय अंगठाही नको. मजुरीला जाताना रोज किती, सुट्टी कधी, पैसे कोणाच्या हातात, हे आधी बोलून घ्या. आणि कर्जाचा हप्ता भरला की पावती घेऊनच उठा, मग समोरचा कितीही ओळखीचा असो.

आजींचं चिपटं आता आमच्या बैठकीत काट्याशेजारीच असतं. पुढच्या बैठकीला तुम्ही तुमचं पासबुक घेऊन जा आणि शेवटची नोंद स्वतः मोठ्यानं वाचा. वाचता येत नसेल तर शेजारणीकडून वाचून घ्या, पण ऐकल्याशिवाय उठू नका.