मॅनेजर गेल्यानंतरचा सीझन



आज मी फुटबॉलवर बोलणार आहे. मी कोच नाही, माजी खेळाडू नाही, पत्रकारही नाही. साधा फॅन आहे, आणि तोही मँचेस्टर युनायटेडचा. हे ऐकलं की हल्ली लोक "अरेरे" म्हणतात, म्हणून आधीच सांगून टाकलं. गाव कोल्हापूर, नोकरी बंगळुरात. म्हणजे फुटबॉल रक्तात आहे आणि शनिवार-रविवारची झोप नशिबात नाही.

आमचा मित्रांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. टीम लागोपाठ दोन मॅच हरली की तिथला पहिला मेसेज ठरलेला असतो, "काढा याला." 'याला' म्हणजे मॅनेजरला. मॅनेजर बदलतात, मेसेज तोच राहतो. मला आज त्या मेसेजबद्दलच बोलायचं आहे.

माझं म्हणणं आधी सांगतो, मग पुरावे देतो. मॅनेजर कसा आहे हे तो असताना कळतं, पण क्लब कसा आहे हे तो गेल्यावर कळतं. त्यामुळे एखादा क्लब तपासायचा असेल, तर त्याचा मोठा मॅनेजर गेल्यानंतरचा पहिला सीझन बघा.

दोन निरोप शेजारी शेजारी ठेवू.

पहिला निरोप २०१३ चा. सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन साडेसव्वीस वर्षांनी युनायटेडमधून निवृत्त झाले. जाताना लीग जिंकून गेले, तीही दुसऱ्या क्रमांकापेक्षा ११ गुण जास्त मिळवून. त्यांची ती तेरावी लीग होती. पुढच्या सीझनला डेव्हिड मोयेस आले. करार सहा वर्षांचा होता, नोकरी टिकली दहा महिने. टीम सातवी आली.

दुसरा निरोप २०२४ चा. युर्गेन क्लॉप साडेआठ वर्षांनी लिव्हरपूल सोडून गेले. टीम तेव्हा तिसरी होती. त्यांच्या जागी आर्ने स्लॉट आले. त्या उन्हाळ्यात टीममध्ये नवा आलेला खेळाडू जवळजवळ एकच, फेडेरिको किएझा, आणि तोही बहुतेक वेळ बाकावर बसून होता. तरीही लिव्हरपूलने चार मॅच शिल्लक असतानाच लीग खिशात घातली. शेवटी दुसऱ्या क्रमांकावरच्या आर्सेनलपेक्षा त्यांचे १० गुण जास्त झाले.

मी युनायटेडवाला आहे. लिव्हरपूलचं कौतुक करताना माझ्या घशाखाली पाणी उतरत नाही. पण आकडे समोर आहेत. एक मोठा माणूस गेला आणि घर बसलं. दुसरा मोठा माणूस गेला आणि घर उभंच राहिलं. मोयेस आणि स्लॉट यांच्या गुणवत्तेत फरक असेलही, पण चॅम्पियन टीम एका वर्षात सातवी येते, एवढं काही एका माणसाच्या माथी मारता येत नाही.

मग फरक कुठे होता?

युनायटेडमध्ये फुटबॉलचं बहुतेक सगळं फर्ग्युसन यांच्याभोवती फिरत होतं. कोणता खेळाडू घ्यायचा, कोणाला कधी विकायचं, अकादमीतल्या कोणत्या पोराला पुढे आणायचं, सगळ्यावर शेवटचा शब्द त्यांचा. व्यवहाराची बाजू डेव्हिड गिल सांभाळायचे. तेही त्याच उन्हाळ्यात पद सोडून गेले. म्हणजे घरातली दोन्ही कर्ती माणसं एकदमच उठली. गिल यांच्या जागी एड वुडवर्ड आले. त्यांची हयात बँकिंग आणि व्यापारी करारांत गेलेली. त्या उन्हाळ्यात सगळ्यांचे डोळे नव्या खेळाडूंकडे लागले होते, आणि अगदी शेवटच्या दिवशी २.७५ कोटी पौंडांना मारुआन फेलायनी आला. क्लबने पहिला फुटबॉल डायरेक्टर नेमला तो मार्च २०२१ मध्ये. फर्ग्युसन गेल्यानंतर जवळजवळ आठ वर्षांनी!

लिव्हरपूलमध्ये क्लॉप येण्याआधीपासून डेटा बघणारं खातं होतं, आणि ते चालवणारे इयन ग्रॅहम हे भौतिकशास्त्रातले डॉक्टरेट. मायकेल एडवर्ड्स २०१६ मध्ये स्पोर्टिंग डायरेक्टर झाले. २०१७ मध्ये मोहम्मद सलाहला घ्या म्हणून हीच मंडळी क्लॉप यांच्या मागे लागली होती, हे स्वतः क्लॉप यांनीच सांगितलं आहे. एवढ्या मोठ्या मॅनेजरला "साहेब, हा घ्या" असं सांगू शकणारी माणसं क्लबात होती आणि तो ऐकत होता. म्हणून तो गेला तरी कामाची पद्धत मागे उरली.

आता युनायटेडची पुढची यादी बघा. मोयेस, व्हॅन हाल, मोरिन्यो, सोल्शार, काही महिन्यांसाठी रांगनिक, मग टेन हाग, मग अमोरिम. यातला एकही माणूस अडाणी नाही. व्हॅन हाल यांनी एफए कप जिंकून दिला आणि दोनच दिवसांत त्यांना नारळ मिळाला. मोरिन्यो यांनी लीग कप आणि युरोपा लीग आणली, नंतर ८१ गुणांसह दुसरा क्रमांक. सोल्शार यांनीही दुसरा क्रमांक आणला. पण प्रत्येकाच्या खेळाची तऱ्हा वेगळी. एकाला चेंडू पायात ठेवायचा, दुसऱ्याला मागे बसून प्रतिहल्ला करायचा, तिसऱ्याला पुढे चढून दबाव टाकायचा. समजा लग्नाला एका आचाऱ्याने पुरणपोळीचं सामान भरून ठेवलं. आदल्या रात्री त्याला काढून दुसरा आणला, तर तो म्हणतो मला बिर्याणी येते. डाळ-गूळ पडून राहतो, नवीन सामानाला परत पैसे, आणि पंगत उपाशी.

याचं एक उदाहरण २०२४ चं. मे महिन्यात टेन हाग यांनी मँचेस्टर सिटीला हरवून एफए कप जिंकला. जुलैमध्ये त्यांचा करार वाढवला. उन्हाळ्यात त्यांच्या तऱ्हेला साजेसे खेळाडू विकत घेतले. आणि ऑक्टोबरमध्ये त्यांना काढलं. नोव्हेंबरमध्ये आले रुबेन अमोरिम. त्यांची पद्धत मागे तीन बचावपटू आणि दोन्ही कडांना विंगबॅक. टीम बांधलेली मागे चार बचावपटू धरून. त्यातच डॅन अ‍ॅशवर्थ नावाचे स्पोर्टिंग डायरेक्टर, ज्यांच्यासाठी क्लब कित्येक महिने थांबला होता, ते पाचच महिन्यांत गेले. टेन हाग, त्यांचे सहकारी आणि अ‍ॅशवर्थ यांना निरोप द्यायला सुमारे १.४५ कोटी पौंड लागले. सीझन संपला तेव्हा टीम पंधरावी होती, आणि युरोपा लीगची फायनल टॉटनहॅमकडून हरलेली.

त्याच काळात याच क्लबने खर्च परवडत नाही म्हणून सुमारे २५० कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या कमी केल्या, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आणखी १५० ते २०० जातील असं जाहीर केलं. स्टेडियमवरच्या कर्मचाऱ्यांचं मोफत जेवण बंद झालं. सीझनच्या मध्येच उरलेल्या तिकिटांचा दर ६६ पौंड केला, लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांनाही सवलत नाही. ग्रुपवर "काढा याला" लिहिताना मला हे आठवतं. मॅनेजरला भरपाई मिळते. चुकीच्या निवडीचं बिल कॅन्टीनमध्ये आणि तिकीट खिडकीवर फाटतं.

इथे कोणीतरी म्हणेल, "म्हणजे प्रत्येक मॅनेजरला वेळ द्या, फर्ग्युसनलाही दिलाच होता की." हा दाखला नेहमी अर्धवट दिला जातो. फर्ग्युसन नोव्हेंबर १९८६ मध्ये आले. पहिली ट्रॉफी १९९० चा एफए कप. त्या सीझनला लीगमध्ये टीम तेरावी होती आणि त्यांना घरी पाठवा असे फलक प्रेक्षकांनी झळकवले होते. हे सगळं खरं. पण त्या कोरड्या वर्षांत त्यांनी स्काउट वाढवले होते, अकादमी नव्याने उभी केली होती. १९९२ चा एफए यूथ कप जिंकणाऱ्या पोरांत गिग्ज, बेकहॅम, गॅरी नेव्हिल आणि निकी बट होते. वरच्या टेबलावर काही दिसत नव्हतं, पण जमिनीखाली मुळं धरत होती. नुसता वेळ देऊन काही उगवत नाही. खाली पेरणी चालू आहे का, हे बघून वेळ द्यायचा. आणि पंधरावा क्रमांक येतो तेव्हा मॅनेजरलाही जाब विचारायचाच. माझं म्हणणं इतकंच की जाब तिथे संपू नये.

हे फक्त इंग्लंडचं नाही. मुंबई सिटीकडे बघा. सर्जिओ लोबेरा यांनी २०२०-२१ मध्ये लीग शील्ड आणि आयएसएल कप दोन्ही जिंकले. ते गेल्यावर आलेल्या डेस बकिंगहॅम यांनी २०२२-२३ मध्ये शील्ड जिंकली. मग नोव्हेंबर २०२३ मध्ये, भर सीझनमध्ये, ते ऑक्सफर्ड युनायटेडला गेले. आता टीम कोसळणार असं वाटावं अशी वेळ. पण आले पेत्र क्रातकी, आणि मे २०२४ मध्ये कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर, मोहन बागानच्या हजारो प्रेक्षकांसमोर, एक गोल खाऊन मुंबईने फायनल ३-१ जिंकली. बकिंगहॅम आणि क्रातकी दोघेही तेव्हा त्याच मालकांच्या असलेल्या मेलबर्न सिटीतून आलेले. पद्धत ठाऊक असलेला माणूस तयारच होता.

आणि आपल्याकडे याची दुसरी, जास्त दुखरी बाजूही आहे. मुंबईच्याच महिंद्रा युनायटेडने गोव्याचे कोच डेरिक परेरा यांच्या हाताखाली २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली. २०१० मध्ये कंपनीने टीमच बंद केली. पहिली राष्ट्रीय लीग जिंकणारी फगवाड्याची जेसीटी २०११ मध्ये बंद झाली. पाच वेळा देशाचा चॅम्पियन झालेला गोव्याचा धेंपो २०१६ मध्ये, लीगची रचना बदलण्याच्या वादातून, आय-लीगमधून बाहेर पडला. यातला एकही निर्णय कोचचा नव्हता. कोच चुकला तर एक सीझन जातो. वरचे चुकले तर क्लबच जातो, आणि फॅनला रविवारी जायला जागा उरत नाही.

आमच्या कोल्हापुरात टीम तालमीची असते. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा. शाहू स्टेडियमवर टीम हरली की पेठेत दुसऱ्या दिवशी कार्यकर्त्यांना रस्त्यात अडवून विचारतात, "काय केलंत हे?" बोट नेमकं कारभाऱ्याकडे जातं, कारण कारभारी शेजारच्या गल्लीत राहतो. मोठ्या क्लबांचे कारभारी दिसत नाहीत, म्हणून आपण दर शनिवारी टीव्हीवर दिसतो त्या माणसावर राग काढतो. आणि ते कारभाऱ्यांना सोयीचंच असतं.

म्हणून तुमचा क्लब कुठलाही असो, केरला ब्लास्टर्स असो, ईस्ट बंगाल असो, आर्सेनल असो, पुढच्या वेळी मॅनेजर गेला की तीन प्रश्न विचारा. याला निवडलं कोणी, आणि ती माणसं अजून खुर्चीवर आहेत का? खेळाडू कोण निवडतं, आणि ते काम तो किती वर्षं सलग करतोय? येणारा नवा माणूस याच खेळाडूंना घेऊन खेळू शकेल का?

तिन्हींची उत्तरं मिळाली, तर निवांत झोपा, तुमचा क्लब सावरेल. नाही मिळाली, तर ग्रुपवर "काढा याला" जरूर लिहा, पण 'याला' म्हणजे कोणाला, ते नावानिशी लिहा.