लग्नाची डीव्हीडी मोबाईलमध्ये कशी आणायची?

हेडफोन लावलेत ना? मग सुरू करू.

गेल्या काही आठवड्यांत तुमच्याकडून एकच प्रश्न फिरून फिरून आला. मामाच्या लग्नाची डीव्हीडी आहे, माझ्या बारशाची व्हीसीडी आहे, आजोबा त्यात बोलतायत, पण घरात ती लावायला काहीच उरलेलं नाही. डीव्हीडी प्लेअर भंगारात गेला, नवीन लॅपटॉपला ट्रेच नाही. आता हे मोबाईलवर कसं आणायचं?

आणता येतं. पण आधी एक गोष्ट, कारण हे काम दिवाळीच्या सुट्टीवर ढकलायचं नाहीये. दुकानातून आणलेली सिनेमाची डिस्क आणि स्टुडिओवाल्याने दिलेली लग्नाची डिस्क दिसायला सारख्या असल्या तरी आतून वेगळ्या असतात. सिनेमाची डिस्क कारखान्यात साच्यावर दाबून बनते, म्हणजे त्यातली माहिती खड्ड्यांच्या रूपात कोरलेली असते. लग्नाची डिस्क मात्र कॉम्प्युटरवर 'बर्न' केलेली असते. तिच्यात एक रंगद्रव्याचा थर असतो आणि लेझरने त्यावर ठिपके भाजलेले असतात. तो रंग उन्हाने, उष्णतेने, दमट हवेने हळूहळू फिका पडतो. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर मी काय म्हणतोय ते कळलं असेल. डिस्कवर एकही ओरखडा नाही आणि तरी ती चालत नाही, असं होतं ते यामुळे. म्हणजे गंमत बघा, पुन्हा विकत मिळू शकणारा सिनेमा जास्त टिकतो आणि जगात एकच प्रत असलेलं लग्न आधी जातं. त्यामुळे सुरुवात घरच्या डिस्कपासून करा, सिनेमे नंतर.

आता सामान. यूएसबीला लावायचा बाहेरचा डीव्हीडी रायटर साधारण हजार-दीड हजारापासून मिळतो. एखाद्या मित्राच्या ऑफिसात जुना डेस्कटॉप असेल तर तेवढाही खर्च नको. फुंकर मारून डिस्क पुसू नका. मऊ सुती कापड घ्या आणि मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसा. गोल गोल नाही! गोल पुसताना पडलेला ओरखडा डेटाच्या रेषेच्या बाजूनेच धावतो आणि मग लेझरला तो भरून काढता येत नाही. आणि ती टूथपेस्टची आयडिया विसरा, प्लीज. सीडी-व्हीसीडीच्या बाबतीत अजून एक: खालच्या चकचकीत बाजूपेक्षा वरची नाव लिहिलेली बाजू जास्त नाजूक असते, कारण चंदेरी थर तिच्या अगदी खालीच असतो. वर बॉलपेनने 'वैशाख, हळद + लग्न' असं दाबून लिहिलं असेल तर नुकसान तिथेच झालेलं असतं. डीव्हीडीत तो थर दोन प्लॅस्टिकच्या चकत्यांच्या मध्ये असतो, म्हणून ती त्या बाबतीत जरा दणकट.

डिस्क घातली की आत काय दिसतं त्यावरून ओळखा. 'एमपीईजी-एव्ही' नावाचं फोल्डर आणि त्यात 'डॅट' फाईल दिसली तर ती व्हीसीडी. 'व्हिडिओ-टीएस' फोल्डर आणि त्यात 'व्हॉब' फाईल्स दिसल्या तर डीव्हीडी.

व्हीसीडीचं चित्र असतं ३५२ गुणिले २८८ पिक्सेलचं. डीव्हीडीचं ७२० गुणिले ५७६, म्हणजे चौपट. एका व्हीसीडीत साधारण ७४ मिनिटं मावायची, म्हणून सिनेमाला दोन-तीन डिस्क लागायच्या आणि ऐन क्लायमॅक्सला उठून डिस्क बदलावी लागायची. व्हीसीडीत जास्त मिनिटं बसवण्यासाठी चुका दुरुस्त करणारा एक थर गाळलेला असतो. म्हणूनच व्हीसीडीवरची फाईल कॉपी करताना ९० टक्क्यांवर एरर येऊन सगळं थांबतं. तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घाला. खरंच सांगतो, एका ड्राइव्हने नाकारलेली डिस्क दुसरा ड्राइव्ह निमूट वाचतो, हे मी कितीतरी वेळा पाहिलंय. फाईल एकदा कॉम्प्युटरवर आली की व्हीएलसी प्लेअर 'डॅट' तशीच चालवतो, मोबाईलवरचा व्हीएलसीसुद्धा.

डीव्हीडीचं काम थोडं मोठं. आधी पूर्ण फोल्डर हार्ड डिस्कवर कॉपी करा, किंवा त्याहून चांगलं म्हणजे अख्ख्या डिस्कची 'आयएसओ' इमेज करा. थेट डिस्कवरून कन्व्हर्ट करत बसू नका. ड्राइव्ह तासभर गरगरत राहतो आणि मध्ये अडकला की पहिल्यापासून. डिस्क खूपच खराब असेल आणि घरात कोणी लिनक्सवालं असेल तर त्यांना 'डीडीरेस्क्यू' म्हणा, ते खूश होतील. हे टूल आधी सोपा भाग वाचून घेतं, अवघड जागा एका नकाशात नोंदवतं आणि मग परत परत त्याच जागांवर प्रयत्न करतं. तोच नकाशा घेऊन तुम्ही दुसऱ्या ड्राइव्हवरही काम पुढे चालू ठेवू शकता.

मग येतो हँडब्रेक. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतो. त्यात ती कॉपी उघडा, सगळ्यात मोठं 'टायटल' निवडा आणि प्रीसेट घ्या 'फास्ट ५७६पी२५'. फॉरमॅट एमपीफोर, कोडेक एच-२६४. एच-२६५ ने फाईल आणखी लहान होते, पण काकूंच्या जुन्या फोनवर आणि हॉलमधल्या टीव्हीवर चालेल याची खात्री नाही. घरच्यांसाठी करताय ना, मग एच-२६४ बरा. दोन तासांची डीव्हीडी चार-साडेचार जीबीची असते, ती साधारण दीड जीबीच्या आसपास येते. १०८०पी करायचा मोह आवरा. नसलेलं चित्र कुठून येणार? फक्त फाईल फुगते.

इथे थांबून एक गोष्ट नीट सांगतो, कारण गावागावातले कन्व्हर्ट करून देणारे इथेच वाट लावतात. तेव्हाचे व्हिडिओ कॅमेरे सेकंदाला २५ पूर्ण चित्रं काढत नसत, ५० अर्धी चित्रं काढत. एकदा विषम ओळी, मग सम ओळी. जुन्या डबा टीव्हीवर हे बेमालूम मिसळायचं. मोबाईलच्या स्क्रीनवर मात्र दोन्ही अर्धी एकदम दिसतात, आणि अक्षता टाकणारा प्रत्येक हात कंगव्याच्या दातांसारखा फाटलेला दिसतो. यावर इलाज म्हणजे डीइंटरलेसिंग. हँडब्रेकमध्ये फिल्टर्समध्ये जा, 'डीकॉम्ब' निवडा, त्यात 'बॉब' पर्याय घ्या आणि फ्रेमरेट २५ ऐवजी ५० करा. अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रं होतात आणि वरात पुन्हा तशीच सरसर नाचते. हे न करता डीव्हीडी फेकून दिली तर ते फाटलेले हात कायमचे फाईलमध्ये राहतात. म्हणून माझं मत: मूळ 'आयएसओ' कधीच पुसू नका. चार जीबी म्हणजे आज काहीच नाही.

आता सिनेमाच्या विकतच्या डीव्हीडी. मोसर बेअरने एकेकाळी व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकली, त्यामुळे घरोघरी ढीग आहेत, आणि त्यातली कितीतरी मराठी नाटकं आज ॲपवर शोधून सापडत नाहीत. यातल्या बऱ्याच डीव्हीडींना सीएसएस नावाचं कुलूप असतं. चाळीस बिटांचं, आजच्या मानाने खेळण्यातलं. १९९९ मध्येच ते फुटलं, नॉर्वेतल्या योन लेक योहानसन या मुलावर खटला झाला आणि तो २००३ मध्ये निर्दोष सुटला. हँडब्रेक स्वतः हे कुलूप उघडत नाही.

मग कायदा काय म्हणतो? आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खासगी, वैयक्तिक वापरासाठी रास्त वापराला सूट आहे. २०१२ मध्ये ६५-अ हे कलम आलं. त्यात कुलूप तोडण्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे, पण हक्कांचं उल्लंघन करायच्या हेतूने तोडलं तर. अमेरिकेतून ऐकणाऱ्यांनो, तुमच्याकडचा १९९८ चा कायदा जास्त कडक आहे, तिथे कुलूप तोडणंच मुळात मना आहे. आणि इथे असो की तिथे, विकत घेतलेल्या नाटकाची फाईल टेलिग्राम ग्रुपवर टाकलीत तर तो तुमचा वैयक्तिक वापर राहत नाही. नाटकवाल्यांचं पोट त्यावर आहे हो.

लग्नाच्या व्हिडिओचं काय? तो पैसे देऊन काढून घेतलेला असतो, म्हणून वेगळा करार नसेल तर त्याचा पहिला मालक काढून घेणारा, म्हणजे तुमच्या घरचेच. स्टुडिओची परवानगी लागत नाही. फक्त स्टुडिओवाल्याने वरून चिकटवलेली हिंदी गाणी तुमची नाहीत. यूट्यूबवर टाकलात, अगदी अनलिस्टेड ठेवलात, तरी कॉपीराइट क्लेम येऊ शकतो. घरच्यांना द्यायचं तर पेनड्राइव्ह बरा. पेनड्राइव्ह फॅट-३२ असेल तर चार जीबीपेक्षा मोठी एक फाईल त्यावर बसत नाही, एवढं लक्षात ठेवा. आणि व्हॉट्सॲपवर पाठवायचाच असेल तर व्हिडिओ म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर सगळी मेहनत पुन्हा दाबून चपटी होते.

फाईलला नाव देताना 'व्हिडिओ १' असं देऊ नका. कोणाचं, काय, कुठे, कोणतं वर्ष. आणि आजीला शेजारी बसवून एकदा बघा, कडेला उभी असलेली माणसं कोण ते विचारून लिहून घ्या. ते सांगू शकणारी माणसं घरात आता दोन-तीनच असतात. प्रती दोन ठेवा: एक तुमच्याकडे, एक दुसऱ्या घरात.

पुढच्या भागात ऑडिओ कॅसेट घेऊ. माळ्यावर टेपरेकॉर्डर असेल तर खाली काढून ठेवा, त्याचा बेल्ट विरघळलाय का ते आधी बघायला लागेल. भेटू.