रुग्ण आणि प्रयोगशाळा : संवादाचा जमाखर्च
(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या व्यवस्थापकांनी केलेले भाषण)



वर्षाचा जमाखर्च आपल्या हाती दिलेला आहे. लेखापरीक्षकांनी तो तपासला आहे आणि त्यात एका पैशाची तफावत नाही. मात्र ज्या जमाखर्चाला ताळेबंदात रकाना नसतो, अशा एका विषयावर आज आम्ही बोलू इच्छितो.

आंदर मावळाचे पाणी 1922 पासून ठोकळवाडीच्या धरणातून घाटाखाली भिवपुरीच्या वीजगृहात उतरते आणि तेथे निर्माण होणारी वीज मुंबईकडे जाते. आपल्या खोऱ्यातील कर्करोगाचा रुग्णही बहुधा त्याच दिशेने जातो. सर दोराबजी टाटा ट्रस्टने 28 फेब्रुवारी 1941 रोजी परळ येथे सुरू केलेले टाटा स्मारक रुग्णालय हे अनेकांचे शेवटचे आशास्थान असते. पाणी जाते, माणूस जातो, कधी त्याच्या गाठीचा तुकडा तेवढा तपासणीसाठी जातो. परत काय येते, हा आमचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे कारण आमच्याच एका चुकीत आहे आणि ती येथे सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. काही वर्षांपूर्वी वरच्या अंगाच्या एका वाडीतील वयस्कर बाई तोंडातील न भरणारी जखम दाखवण्यास आमच्याकडे आल्या. डॉक्टरांनी तुकडा काढून बाहेर तपासणीस पाठवला. अहवाल वेळेवर आला, परंतु तो फाइलमध्येच राहिला. भातलावणीचे दिवस होते, पाऊस लागला होता, दिलेला दूरध्वनी लागत नव्हता, आणि निरोप घेऊन माणूस धाडण्याचे कोणाला सुचले नाही. बाई परत आल्या तेव्हा जखम जबड्यापर्यंत पोहोचली होती. पुढे त्या गेल्या. त्यांच्या सूनबाई कागदपत्रे नेण्यास आल्या तेव्हा त्यांनी आम्हाला विचारले, "सायेब, आत्याबाईंचा तुकडा कुठं हाय? त्याचं पुढं काय केलं?" आम्हाला उत्तर देता आले नाही. संमतीपत्रावर बाईंचा अंगठा होता. त्यावर काय छापले आहे ते त्यांना कोणी वाचून दाखवले होते की नाही, हेही आम्हाला ठाऊक नव्हते.

आम्ही वैद्य नव्हे, हिशेबाची माणसे आहोत. परंतु त्या प्रश्नानंतर आम्ही या विषयाचे थोडे वाचन केले. त्यातून असे दिसले की, आपल्या महाराष्ट्रात कर्करोगाचे संशोधन पुढे गेले ते पुष्कळदा रुग्णाशी बोलल्यामुळेच. टाटा स्मारक रुग्णालयाचे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी डॉ. सूर्याबाई यांच्यासह 1945 साली एक निबंध प्रसिद्ध केला. लोकांच्या चालीरीतींशी संबंध असलेले कर्करोगाचे तीन प्रकार त्यात मांडलेले होते. त्यांपैकी एक होता कमरेच्या त्वचेचा, धोतर वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट आवळल्याने होणारा. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दिसते, धोतर दिसत नाही. ते कसे नेसता, हे माणसालाच विचारावे लागते.

मशेरीचेही तसेच. आपल्या घरोघरच्या आयाबाया तव्यावर तंबाखू भाजून, तिची पूड करून सकाळी दातांना लावतात, हे प्रयोगशाळेस कोण सांगणार? डॉ. फली मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील 1,01,761 ग्रामस्थांची घरोघर जाऊन पाहणी केली आणि 1972 साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या पाहणीत सुमारे 39 टक्के स्त्रिया मशेरी लावणाऱ्या आढळल्या. पुढे मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेत डॉ. भिडे व सहकाऱ्यांनी हीच मशेरी प्राण्यांवर तपासली आणि तिच्यामुळे गाठी होतात असा निष्कर्ष 1988 साली मांडला. चुलीपासून प्रयोगशाळेपर्यंतची वाट अशी तयार झाली. प्रयोगशाळेपासून चुलीपर्यंतची वाट मात्र आपल्या खोऱ्यात अजून पुरती झालेली नाही. त्या बाईंच्या फडताळात मशेरीची डबी शेवटपर्यंत होती.

बार्शीचे उदाहरण आम्हास सर्वांत मोलाचे वाटते. तेथे 1987 साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंद करणारे कार्यकर्ते रुग्णालयात बसून राहिले नाहीत. ते गावोगावी गेले, लोकांशी बोलले, लक्षणे समजावून सांगितली. या बोलण्याचा परिणाम असा झाला की, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत उपचारासाठी येऊ लागल्या. त्याच पायावर तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष 2009 साली प्रसिद्ध झाले. विषाणूची एकदाच तपासणी झालेल्या गटात सुमारे 34 हजार स्त्रिया होत्या. आठ वर्षांत त्यांतील 34 या कर्करोगाने दगावल्या. तपासणी न झालेल्या गटात सुमारे 31 हजार स्त्रिया होत्या. त्यांतील 64 दगावल्या.

या आकड्यांनी जगाचे लक्ष वेधले. परंतु तुलनेच्या गटातील स्त्रियांना केवळ नेहमीची सेवा मिळाली, त्यांची तपासणी का केली नाही, अशी टीकाही पुढे झाली. त्या वादाचा निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाही. एवढेच म्हणतो की, ज्या 64 जणी गेल्या त्याही त्या ज्ञानाच्या देणगीदार होत्या. आपण देणगीदारांची नावे संगमरवरावर कोरतो. देहाचा अंश देणाऱ्यास निदान तो कशासाठी घेतला हे कळले पाहिजे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वेही हेच सांगतात की, संमती समजून दिलेली असावी आणि ती केव्हाही मागे घेता यावी.

मागील वर्षी आमच्या विनंतीवरून पुण्याहून दोन तरुण संशोधक एका दुपारी येथे आले. बाह्यरुग्ण विभागातील सतरंजीवर बसून त्यांनी नऊ रुग्ण व त्यांच्या नातेवाइकांशी गप्पा केल्या. सूनबाईही आल्या होत्या. त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. संशोधक ताईंनी तुकडा मेणात कसा बसवतात, त्याचे पातळ काप कसे काढतात, ते किती वर्षे टिकतात हे साध्या शब्दांत सांगितले. मग त्या म्हणाल्या, "मी चार वर्षे अशा कापांवर काम करते आहे. प्रत्येकावर फक्त क्रमांक असतो. क्रमांकामागच्या घरातलं माणूस आज प्रथमच भेटलं." सूनबाई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "मग ठेवा. पर काय कळलं तर आमाला बी सांगा." बैठकीतील एका रुग्णाने विचारले की, यातून मला गुण येईल का? संशोधकांनी स्पष्टपणे सांगितले की, तुम्हाला बहुधा नाही, पुढच्याला कदाचित. हे उत्तर कडू होते. तरी ते खरे होते, आणि कोणी उठून गेले नाही.

या अनुभवावरून विश्वस्त मंडळापुढे आम्ही तीन गोष्टी नम्रपणे ठेवत आहोत. पहिली, संमतीपत्र बोलीभाषेत मोठ्याने वाचून दाखवले जावे. नकार दिल्यास उपचारात तसूभरही फरक पडणार नाही, हे त्यात आरंभीच असावे. दुसरी, बाहेर जाणाऱ्या प्रत्येक तुकड्याची स्वतंत्र वही ठेवावी. अहवाल रुग्णाच्या कानी गेल्याची तारीख आणि सांगणाऱ्याची सही पडल्याशिवाय त्या नोंदीखाली रेघ ओढू नये. दूरध्वनी लागला नाही तर माणूस जाईल. तिसरी, वर्षातून दोनदा, भातलावणी व कापणीचे दिवस टाळून, रुग्ण आणि संशोधक यांची बैठक व्हावी. तेथे कोणाचे नाव बाहेर जाऊ नये. या रोगाच्या नुसत्या शब्दाने घरातल्या मुलींची लग्ने अडतात, हे आम्ही जाणतो.

यास फार पैसा लागत नाही. वह्या, प्रवासखर्च, चहा आणि एका परिचारिकेचा थोडा वेळ, इतकेच. देणगीदारांनी या लहान खर्चाकडेही यंत्रसामग्रीइतक्याच आस्थेने पाहावे, ही विनंती.

नव्या वहीचे पहिले पान आम्ही त्या बाईंसाठी राखले आहे. नोंद जुनी आहे आणि तिच्याखाली रेघ ओढलेली नाही. ती उघडी राहिलेली नोंद आम्हास आमच्या कामाची आठवण देत राहील.