साहेबांचे शेअर आणि आपला बोनस
(उरला, रायपूर येथील सभेतील भाषण)



बोनसच्या सभेत शेअर बाजार कशाला, असे एका गँगमन बंधूंनी आत्ताच विचारले. प्रश्न रास्त आहे.

२०२५ च्या दसऱ्याआधी रेल्वेला ७८ दिवसांचा बोनस जाहीर झाला. मोजताना मात्र पगार महिना ७,००० रुपयेच धरला, म्हणून हाती जास्तीत जास्त १७,९५१ रुपये. टपाल खात्यालाही तीच ७,००० ची मर्यादा. आपल्या बोनसवर झाकण आहे. मोठ्या कंपन्यांतील साहेबांच्या मोबदल्याचा एक प्रकार मात्र बिनझाकणाचा आहे. त्याला स्टॉक ऑप्शन म्हणतात.

समजा, आजच्या भाड्याने तीन वर्षांनी प्रवास करण्याचा पास आपल्याला फुकट मिळाला. भाडे वाढले तर वापरायचा, उतरले तर फाडून टाकायचा. ऑप्शन तसाच. आज शेअर १०० रुपयांना आहे. साहेबाला तो तीन वर्षांनी १०० लाच घेण्याचा हक्क दिला. भाव २५० झाला तर एक लाख शेअरवर दीड कोटी सुटले. भाव ६० वर आला तर साहेब घेणारच नाही, खिशातला पैसाही जाणार नाही.

सगळेच वाईट असे आम्ही म्हणत नाही. १९८१ साली पुण्यात सुरू झालेल्या इन्फोसिसने १९९४ पासून अशी योजना राबवली आणि ती वरच्या साहेबांपुरती ठेवली नाही. सेबीनेही १९९९ साली नियम केले. ऑप्शन मिळाल्यावर किमान एक वर्ष थांबावे लागते, प्रवर्तकांना ते घेता येत नाहीत. पण साहेबाची नजर भावावर असते, आणि भाव चढवायला कामच वाढवावे लागते असे नाही. कायम जागा रिकाम्या ठेवा, ठेकेदार आणा, खर्च कमी दिसतो. ठेकेदारी म्हणजे काय, हे उरल्याच्या मिलवाल्या बंधूंना आम्ही काय सांगावे!

आणि हा पैसा येतो कुठून? बहुधा कंपनी नवे शेअर काढते. ताकात पाणी घालावे तसा जुन्या भागधारकांचा वाटा पातळ होतो. त्या भागधारकांत आपणही आहोत. १ जानेवारी २००४ पासून रेल्वेत वा टपालात लागलेल्यांच्या एनपीएस वर्गणीचा काही भाग शेअर बाजारात जातो. ऑप्शनच्या योजनेला भागधारकांचा विशेष ठराव लागतो. तिथे आपल्या पैशावर पेन्शन फंडवाले मत देतात. त्यांनी काय मत दिले, हे आपण विचारले पाहिजे.

त्यासाठी २००४ नंतर लागलेल्या बंधू-भगिनींनी येत्या आठवड्यात शाखेच्या कचेरीत एनपीएसचा उतारा आणावा. कोणाचा पैसा कोणत्या फंडाकडे आहे, त्याची यादी आधी करू.